गाव कागदाच्या वरच्या बाजूला

नकाशे गुंडाळून माळ्यावर टाकता येतात, किस्से टाकता येत नाहीत. नव्वदच्या दशकात सुरतेत एका इंजिनिअरच्या ऑफिसात मी घरांचे आणि कारखान्यांचे नकाशे काढायचो. मान गेली, डोळे गेले, हे एवढे उरले. कुणी चहा पाजला की सांगतो, नाही पाजला तरी सांगतो.

*

इच्छापोरचा एक कारखानदार दर आठवड्याला जिना, त्याच्या गुजरातीत दादर, हलवायचा. जिना हलला की खालचा संडास हलायचा, संडास हलला की टाकी, आणि टाकी हलली की माझा रविवार. एकदा वैतागून म्हटलं, शेठ, आता नकाशा बदलणार नाही. शेठ शांतपणे म्हणाला, "रशियानो नकशो बदलाई गयो, ने मारो दादर नथी बदलातो?"

तोही रविवार गेला.

*

शहराचे नकाशे काढणारं आमचं ऑफिस मात्र कुणाला सापडायचं नाही. म्हणून साहेबांनी कार्डावर छोटा नकाशा छापून घेतला. खूण एकच, पानाचा गल्ला, म्हणजे आपली पानटपरी. कार्डं आली आणि त्याच आठवड्यात गल्लेवाल्याने गल्ला उचलून चौकापलीकडे नेला. आमची गिऱ्हाइकं तिथे जाऊन आमची चौकशी करू लागली. शेवटी तो बिचारा हात जोडून आला. म्हणाला, साहेब, मला धंदा करू द्या, नाहीतर तुम्हीच पलीकडे राहायला या.

*

माझ्या शेजारी निंबाभाऊ पाटील बसायचा, अमळनेरकडचा. नकाशात उत्तर वर असते. निंबाभाऊच्या नकाशात वर त्याचं गाव असायचं! कामरेजच्या एका प्लॉटचा अख्खा नकाशा त्याने पूर्व वर धरून काढला, कारण गावाकडची गाडी तिकडे जाते. साहेबांनी विचारलं, उत्तर कुठे गेली? तो म्हणाला, "साहेब, गाव खाली ठेवलं की माझा हात चालत नाही."

पुढे उत्तर वर ठेवायला तो शिकला, पण टेबल तिरकं करून बसला, गाव समोर येईल असं. टेबलाचा कोपरा वाटेत यायचा आणि साहेबांच्या मांडीला लागायचा. साहेब कितीतरी दिवस शिव्या घालत होते, मग वळसा घालायला शिकले.

निंबाभाऊची माय त्याच्याजवळ भेस्तानच्या खोलीत होती. ती रोज एकच विचारायची, गावी कधी नेतोस? तब्येत सुधारली की, असं तो सांगायचा. तब्येत सुधारत नव्हती.

*

एकदा एक ठेकेदार, आपल्याकडचाच, अकोल्याचा, निंबाभाऊच्या अंगावर धावून आला. "थोबाडाचा नकाशा बदलून टाकीन तुझ्या!"

निंबाभाऊने पेनही खाली ठेवलं नाही. "बदला. पण आधी साहेबांची सही आणा. सहीशिवाय इथे काही बदलत नाही."

इतक्या वर्षांच्या सवयीने ठेकेदार खरंच केबिनच्या दारापर्यंत गेला.

*

पावसाळा संपता संपता मायने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. साहेब आणि मी बघायला गेलो. भिंतीलगत खाट, उशाला दोन उशा देऊन तिला टेकवून बसवलेलं. ती सारखी विचारत होती, "गाव कथा शे?" गाव कुठे आहे? निंबाभाऊ हाताने दाखवायचा, पण तिची मान तेवढी वळत नव्हती.

साहेबांनी साइटवर वापरायचं होकायंत्र खिशातून काढलं. बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि खाटेचं एक टोक धरलं. "निंबाभाई, उठाओ."

खाट खोलीत तिरकी झाली. दार पुरतं उघडेना. मायच्या समोर भिंतच होती, पण ती त्या भिंतीकडे बघत राहिली.

"आते बराबर," ती म्हणाली. आता बरोबर.

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

माय गावी गेलीच नाही. निंबाभाऊ तिच्या अस्थी घेऊन गेला. दिवस करून परतला त्या सकाळी त्याने टेबल ओढलं आणि सरळ केलं, आमच्या टेबलांसारखं.

थोड्या वेळाने साहेब आले. वाट मोकळी होती. तरी ते त्या नसलेल्या कोपऱ्याला वळसा घालून केबिनमध्ये गेले, आणि पुढेही रोज तसेच जात राहिले.