बाळंतिणीच्या खोलीतला हुक्क्याचा कोळसा

रोह्याजवळच्या वरसे गावातल्या सुरैय्याचा राग कायम नाकावर. धाटावच्या कंपन्यांतल्या साहेबांचे शर्ट ती पडवीत कोळशाच्या इस्त्रीनं कडक करून द्यायची. नवरा गेल्यावर त्याच इस्त्रीवर तिनं जुहेबला वाढवलं. रोज सकाळी अंगणात कोळसे फुंकताना धूर डोळ्यांत जायचा आणि तोंडातून शिव्या बाहेर पडायच्या.

१९९६च्या हिवाळ्यात जुहेब शारजाहून सुट्टीवर आला. तिकडे एका हॉटेलात हुक्क्यांवर निखारे ठेवायचं त्याचं काम. बायको रिझवाना दुसऱ्या खेपेची बाळंतीण, म्हणून सासरीच होती. जुहेबनं बॅगेतून हुक्क्याच्या कोळशाच्या काळ्या चकत्यांचं पाकीट काढलं. एकीला काडी लावताच ठिणग्या चरचरत या कडेपासून त्या कडेला धावल्या.

"बघ गो अम्मी, फुंकायला नको. भुकटीत शोरा मिसळतात, फटाक्याच्या दारूतला. तापला की तोच कोळशाला प्राणवायू देतो."

"कोळसा मला शिकवतोस? हात भाजण्यात हयात गेली माझी!"

तोंडानं खेकसली, पण बाळंतिणीच्या शेकासाठी संध्याकाळी पुन्हा अंगणात फुंकत बसायचा तिलाही कंटाळा आला होता. एरवीचा कोळसा धुमसतो, म्हणून तो अंगणातच लाल होऊन मोजका आत यायचा. या झटपट पेटणाऱ्या चकत्या जुहेबनं थेट बाजेखालच्या शेगडीत लावल्या, त्याही मूठभर जास्तच. मग दार लोटलं. मेली ती थंडी तरी केवढी! कोकणातली थंडी ती, गोधडीनं भागली असती.

सुरैय्या तेल घेऊन आत गेली तेव्हा रिझवाना ओकत होती, तिला उठता येत नव्हतं. बाळ मलूल पडलेलं. सुरैय्यानं बाळाला काखोटीला मारलं, सुनेला फरफटत अंगणात आणलं आणि आरडाओरडा करून आळी गोळा केली. रिक्षानं दोघांना रोह्याला नेलं.

"जळत्या कोळशाचा विषारी वायू," डॉक्टर म्हणाले. "त्याला रंग नाही, वास नाही. कोळसा लवकर पेटो की उशिरा, जळताना तो सोडतोच. कोंडलेल्या खोलीत जीव घेतो."

दोघंही वाचली. घरी येताच सुरैय्यानं पाकीट गटारात भिरकावलं.

"धूरच दिसला नाय गो अम्मी," जुहेब पुटपुटला.

"दिसला नाय म्हणे! डोळे शारजाला ठेवून आलास? खाल्लं असतंस ना दोघांना!"

रिझवाना बाळाला घेऊन ओट्यावर बसली होती. लग्नापासून तिनं सासूपुढे आवाज चढवला नव्हता. आज चढवला.

"कोळसा त्यांचा, व्हय. पण खिडकीच्या फटीत चिंध्या कुणी कोंबल्या, अम्मी? मी बोलली होती, जीव घुसमटतो. तुम्ही बोललात, बाळंतिणीला वारा बाधतो."

सुरैय्या तरातरा खोलीत गेली. चिंध्या ओढून काढल्या, पण पावसाळ्यात फुगून घट्ट बसलेली खिडकी हलेना. तिनं पडवीतली इस्त्री आणली आणि रडत, दणके घालत खिडकीची दारं चौकटीपासून उखडली.

नवी दारं तिनं तो सगळा हिवाळा बसवू दिली नाहीत.