गवत कापायच्या गाडीचा खडखडाट

कापलेल्या गवताचा आणि पेट्रोलचा वास एकत्र आला की अक्कलकोट रोडवरच्या कारखान्याची हिरवळ आठवते. तिथली गवत कापायची गाडी खडखडत होती, म्हणून मालकांनी माझ्या वडिलांना, आप्पांना, बोलावलं. नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस! मी मदतीला होतो.

गाडी चालू ठेवून आप्पांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं, आतला आवाज ऐकायला त्याची मूठ कानाला लावली.

"काय न्हाय की. गप हाय गाडी."

मला तर खडखडाट दहा पावलांवरून ऐकू येत होता. तीस वर्षं कापडाच्या यंत्रमागांच्या आवाजात काढलेले त्यांचे कान गेले होते, आणि मला ते त्या क्षणी कळलं.

मी गाडी बंद करून बेअरिंग बदललं आणि ती पुन्हा चालू केली. खडखडाट थांबला. आप्पांनी पुन्हा मूठ कानाला लावली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"थांबला का रं?"