आमचा फोटो आम्हीच काढणार!

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे किस्से कसे साठतात माहितीय का? मोबाईलमधल्या गुड मॉर्निंगसारखे. एक पुसावा तर दहा येऊन पडलेले! त्यात आम्ही चौघं रोज सकाळी एकाच टपरीवर चहाला. मी वैशाली, माझा छोटासा स्टुडिओ आहे. रफिकभाईंचं फ्लेक्स आणि प्रिंटिंगचं दुकान. माने सर चित्रकलेचे रिटायर्ड मास्तर. आणि नागेश, आमच्यातला सगळ्यात तरणा आणि खरं सांगायचं तर आमच्यातला एकमेव खरा फोटोग्राफर.

लग्नाचे किस्से पोतंभर आहेत, ते कुणीही सांगेल. मी सांगतेय ते आमच्या प्रदर्शनाचे. हे सांगताना आम्ही हसतो लई, फक्त एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाही.

*

सगळं सुरू केलं माने सरांनी. एका रविवारी त्यांनी आम्हाला घरी बोलावलं, पोहे दिले आणि लॅपटॉप उघडला. म्हणाले, "हे चिकानो लोकांनी काढलेले फोटो."

"कुटले म्हणायचे हे?" रफिकभाईंनी विचारलं.

"अमेरिकेत राहणारी, मूळची मेक्सिकन माणसं. दुसऱ्यांनी यांचे फोटो काढले ते एक तर गुन्हेगार म्हणून, नाहीतर बिचारे मजूर म्हणून. मग यांच्यातल्याच पोरापोरींनी कॅमेरे उचलले. म्हणाले, आमचा फोटो आम्हीच काढणार!"

आम्ही बघतच राहिलो. शेतमजुरांचा मोर्चा, हातात झेंडे. भिंतीभर रंगवलेली चित्रं. देवादिकांच्या तसबिरींखाली खुर्चीत बसलेली एक आजी, अशी बसलेली की जणू घरच काय, गावही तिच्या मालकीचं. चकाचक धुतलेल्या गाड्यांना टेकून उभी तरणी पोरं.

सर म्हणाले, "चिकानो हा शब्दसुद्धा आधी हिणवायला वापरायचे. यांनी तोच अभिमानानं कपाळाला लावला."

रफिकभाई उठून उभेच राहिले. "अरे सर, ये तो अपनेच लोगां हैं की! पुण्यात गेलं की आपल्याला विचारतात, सोलापूरचे का? असं विचारतात की जणू आपण चादर पांघरूनच आलोय!"

झालं. प्रदर्शन ठरलं. सोलापूरच्या माणसांचे फोटो, सोलापूरच्या माणसांनी काढलेले. मी तर घरी जाऊन आरशासमोर भाषणसुद्धा केलं.

*

पहिले प्रिंट निघाले रफिकभाईंच्या दुकानात. पॉवरलूमवरचे कामगार, दाळं भाजणाऱ्या बायका, मंडईतले हमाल. आम्ही मोठ्या उत्साहानं जमलो. प्रिंट उलगडले.

सगळेच्या सगळे गोरेपान! हमाल तर असा दिसत होता की पाठीवर पोतं नसतं तर हळदीला बसवला असता.

"रफिकभाई, हे काय केलंत?"

बिचारे स्वतःच डोळे फाडून बघत होते. "खुदा कसम मॅडम, मी काहीच केलं न्हाई! फोटो उघडला की आधी चेहरा उजळायचा, हाताला सवयच हाय. नवरदेवाचं करतो तसं झालं."

नागेश रागानं लाल झाला. "आपल्याच माणसांचा रंग आपणच पुसायचा, मग काय दाखवायचं बे?"

मी तावातावानं त्याची री ओढली. तेवढ्यात माने सरांचं लक्ष माझ्या स्टुडिओच्या व्हिजिटिंग कार्डाकडे गेलं. त्यावर माझा फोटो होता. सरांनी एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि चहा मागवला. मी ते कार्ड उलटं करून ठेवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

*

मग मोर्चाचं. विडी कामगार बायकांचा मोर्चा कलेक्टर कचेरीवर निघणार होता. सर म्हणाले, फोटो म्हणजे राजकारणसुद्धा असतं, चला. आम्ही कॅमेरे लावून तयार.

बायका आल्या. काय आवाज, काय जोर! माझ्या अंगावर काटा आला. पण ऊन नेमकं त्यांच्या पाठीमागून, चेहरे सगळे काळोखात. आणि वीस वर्षं वरमाला दोनदोनदा घालायला लावणारी ही वैशाली, भान न राहता ओरडली, "ताई, जरा मागं जाऊन परत या ना! आणि तोंड इकडं करून घोषणा द्या!"

मला वाटलं शिव्या देतील. कसलं काय! सवयीच्या बायका, प्रत्येकीच्या घरी एक तरी लग्न झालेलं. आख्खा मोर्चा निमूट मागं सरकला आणि पुन्हा घोषणा देत आला! बंदोबस्तावरचा हवालदार सावरून उभा राहिला, टोपी नीट केली.

पुढच्या रांगेतल्या एकीनं विचारलं, "मूठ आनखी वर करू का ताई? की आता जेवणाचे फोटो घ्यायचेत?"

बायका हसल्या, हवालदार हसला, आम्हीसुद्धा हसलो. पण त्या हसण्यात मोर्चाचा आवाज जो बसला तो बसलाच. नंतरच्या घोषणांना पहिला जोर नव्हता. त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न, आणि मी त्याचा रिटेक घेतला! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. त्यातला एकही फोटो मी प्रदर्शनात लावला नाही.

*

उजनी धरणाच्या काठचा किस्सा माझा एकटीचा आहे. मासेमारी करणारं एक जोडपं होतं. त्यांना आधी निरोप पाठवून मी सकाळी पोचले. माझ्या डोक्यात फोटो तयार होता: फाटकं जाळं, रापलेले हात, मागं पाणी.

मालक म्हणाले, "ताई, पाच मिन्टं थांबा की." आणि आत गेले ते थेट इस्त्रीचा शर्ट आणि काळा गॉगल घालून बाहेर! मेव्हण्याची नवीकोरी मोटारसायकल पाण्याजवळ आणून लावली आणि तिला टेकून उभे राहिले. शेजारी बायको, जरीकाठाच्या लुगड्यात.

मी म्हटलं, "अहो, हे काय? रोजचे कपडे घाला ना. आणि ते फाटलेलं जाळं घ्या हातात."

त्यांनी गॉगल काढला. बायको मात्र पुढं आली. "आवं ताई, तुमी फोटुला हुभं ऱ्हाताना पदर नीट करता का न्हाय? मग आमीच का फाटकं दावायचं?"

म्हटलं, "घाला गॉगल." फोटो झकास आला.

सरांना दाखवला तर ते म्हणाले, "वैशाली, ती गाडीला टेकलेली चिकानो पोरं आठवतात? तुला तेव्हा लई आवडली होती."

आवडली होती की! अमेरिकेतली होती म्हणून आवडली होती. उजनीतला माणूस तस्साच उभा राहिला तर मला नको झाला. लाज वाटली हो, खरंच वाटली.

*

आता नागेशचं सांगते. नागेश शहराच्या पूर्व भागातला, तेलुगू विणकरांच्या घरातला. वडील गेले तो शाळेत असताना. आईनं, म्हणजे नरसम्मांनी, विड्या वळून त्याला वाढवलं, पहिला कॅमेरासुद्धा त्यांनीच घेऊन दिला. आम्ही सगळे त्यांना अम्मा म्हणतो.

या पठ्ठ्यानं गल्लीतली सगळी घरं टिपली. विडी कामगारांचे फोटो तर असे की बघत राहावं. फक्त स्वतःच्या घरात कॅमेरा नेला नाही. विचारलं की म्हणायचा, "अम्माला आवडत नाही फोटो."

एक दिवस मी काहीतरी निमित्त काढून त्याच्या घरी गेले. अम्मा उंबऱ्याशी, मांडीवर सूप, सुपात पानं. बोटं चालू, बोलणं चालू. मी म्हटलं, "अम्मा, तुम्हाला फोटो आवडत नाही म्हणे?"

अम्मांची बोटं थांबली. "कोण सांगितलं? मी साडी काडून ठेवलंय की. सगळ्यांच्या घरी गेला तो. म्हटलं आपलं पण नंबर येईल."

खुंटीवर खरंच इस्त्रीची निळी साडी होती. मी चहा न घेताच उठले.

नागेश पुण्यातल्या मोठ्या लग्नांचं काम करायचा. तिथं त्यानं सांगून ठेवलं होतं की घरी कापडाचा धंदा आहे. हे आम्हाला माहीत होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हाच तर आमचा धंदा! म्हणून कोणी बोललो नाही.

पण दुसऱ्या सकाळी टपरीवर मी बोलले. खुंटीवरच्या साडीचं सर्वांसमोर बोलले. तो कप ठेवून निघून गेला आणि चार दिवस आला नाही. आला तो फोटो घेऊनच. अम्मा निळ्या साडीत, मांडीवर सूप, नजर सरळ तुमच्या डोळ्यांत. बापरे! आमच्या सगळ्यांचे फोटो एका बाजूला आणि हा एकटा एका बाजूला.

रफिकभाई म्हणाले, "भाई, इसको हात नहीं लगाता मैं. जैसा है वैसा छापूंगा."

*

प्रदर्शन एका शाळेच्या हॉलमध्ये लागलं. सरांचा नियम होता, प्रत्येक फोटोखाली माणसाचं नाव पाहिजेच. "बिननावाचा फोटो पोलीस काढतात, बेवारस मढ्याचा," म्हणायचे. उद्घाटनाच्या सकाळी बघतो तर उजनीच्या जोडप्याचं नाव आहे, हमालाचं आहे. अम्मांच्या फोटोखाली नागेशनं चिठ्ठी लावली होती: 'विडी कामगार, पूर्व भाग'.

सरांनी वाचलं. मी वाचलं. पुण्याहून एक नावाजलेल्या फोटोग्राफर बाई उद्घाटनाला येणार होत्या. त्यांना काम आवडलं तर नागेशला पुण्यात बोलावणार होत्या, जन्माचं कल्याण होतं. चांगल्या दिवशी कशाला, असं म्हणून आम्ही दोघंही पुढच्या फोटोकडे वळलो.

अम्मांना त्यानं सांगितलं होतं, "आज गर्दी असते, उद्या निवांत ये."

बाई आल्या. एकेक फोटो बघत बघत निळ्या साडीपाशी थांबल्या त्या थांबल्याच. "हा तुमचा? अहो, काय नजर आहे हिची! कोण ही?"

"पूर्व भागातल्या आहेत," नागेश म्हणाला. "विड्या वळतात."

मी दाराकडे तोंड करून उभी होते, म्हणून मलाच आधी दिसलं. अम्मा आल्या होत्या. तीच निळी साडी, केसांत अबोलीचा गजरा, चपला बाहेर काढून आत आलेल्या. त्यांचं लक्ष कुणाकडंच नव्हतं. स्वतःच्या फोटोसमोर येऊन उभ्या राहिल्या, आणि लहान मुलीसारखं तोंड भरून हसल्या.

पुण्याच्या बाई चमकल्याच. "अरे, या तर याच! किती छान! काय हो, तुमची आणि यांची ओळख कशी?"

अम्मांनी नागेशकडे पाहिलं. नागेशचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी मनात म्हणत होते, बोल बे, बोल की!

अम्माच बोलल्या.

"मी ह्यांच्या गल्लीत राहते," त्या म्हणाल्या. "हे सर लई चांगले हायेत. एवडे मोठे झाले, पण रस्त्यात दिसलं की अजून बोलतात."

"वा!" बाई म्हणाल्या. "मग दोघांचा एक फोटो हवाच. फोटोग्राफर आणि त्यांची कामगार ताई!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कॅमेरा माझ्याच गळ्यात होता. ते दोघं फोटोखाली उभे राहिले. मध्ये हातभर जागा. नागेश खाली फरशीकडे बघत होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

"अम्मा, जरा जवळ सरका ना."

अम्मा हसल्या. पदर सारखा केला.

"नको मॅडम," म्हणाल्या, "सरांच्या शर्टाला तंबाखूचा वास लागेल."