तांजोंग पगारमधला वन्स मोअर

शनिवार, २३ नोव्हेंबर १९९६. संध्याकाळी सहाला टॅम्पिनीसहून निघालो तेव्हा माझ्या पाकिटात साठ सिंगापूर डॉलर होते, म्हणजे आपले सुमारे दीड हजार रुपये. हजर मंडळी तीन: मी, माझी पत्नी सुमन आणि तिचा धाकटा भाऊ सतीश. सतीश जहाजावर मरीन इंजिनिअर. त्याच्या रजेत आम्ही आठवडाभर त्याच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटवर उतरलो होतो.

"भाऊजी, पक्षी झाले, बागा झाल्या, तीन देवळं झाली. आता एक पब बघा," असं त्याने चार दिवस लावून धरलं होतं. बावन्न वर्षांत मी बारच्या आत पाऊल टाकलं नव्हतं, हे मी अभिमानाने सांगत असे. खरं कारण एवढंच की आतले दर माहीत नव्हते.

तांजोंग पगारला दिवसा बँका आणि कचेऱ्यांची धावपळ. मागच्या गल्लीत मात्र गुलाबी-पोपटी रंगवलेली जुनी शॉपहाऊस (खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी चिनी घरं) आहेत. त्यातल्याच एकात सतीशचा आवडता पब होता. दारावर पाटी होती: साडेआठपर्यंत ‘वन-फॉर-वन’ (एकाच्या किमतीत दोन). एक बिअर मागवली की सतीशला दोन, एक लाइम ज्यूस मागवला की आम्हा दोघांना एकेक. एकूण अठरा डॉलर. खुर्चीवर टेकण्याआधीच माझा हिशेब झाला. आत उजेड इतका कमी की दरपत्रक वाचायला मी स्वतःच्या चष्म्यावर सुमनचाही चष्मा लावला.

पेले घेऊन आलेली वेट्रेस सतीशच्या ओळखीची निघाली. ती म्हणाली, आज गाणार आहे ती मारिसा मनिलाहून आली आहे आणि आज तिची परीक्षा आहे. सात ते साडेसात, चार गाणी. मालक कोपऱ्यात बसून ऐकणार. शेवटचं गाणं चिनी, कारण इथलं गिऱ्हाईक बहुतेक चिनी. ते जमलं तर नोकरी, नाहीतर सोमवारी घरी परत. "तीन आठवडे रात्रंदिवस पाठ करतेय," असं म्हणून ती गेली.

सुमन हळहळली. "अहो, पोरीला जरा दाद द्या. इथे कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही."

एवढं पुरे होतं. आमच्याकडे नाट्यसंगीतात नवा गायक उभा राहतो तो वन्स मोअरच्या जोरावर. दुसरं गाणं संपताच मी उभा राहिलो आणि नाट्यगृहाच्या बाल्कनीतून द्यावा तसा आवाज दिला, "वन्स मोअर!"

मारिसा दचकली. तिने कीबोर्डवाल्याकडे पाहिलं, आणि गिऱ्हाइकाची आज्ञा समजून ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा गायली. मला गहिवरून आलं. मी दुसरा वन्स मोअर दिला.

"भाऊजी, बसा हो खाली!"

"तुला इंजिनातलं कळतं, सतीश. गाणारं माणूस यावरच जगतं."

ती तिसऱ्यांदा गायली. मग पुढचं गाणं झालं आणि साडेसात वाजले. दुसऱ्या वाद्यवृंदाची पाच माणसं ढोल उचलून मंचावर चढू लागली. चिनी गाणं राहूनच गेलं. मारिसा हातातल्या कागदाची घडी घालत तिथेच उभी राहिली.

"आता?" सुमन म्हणाली. तेवढ्या एका शब्दात माझा सगळा संसार आला.

मी मालकाकडे गेलो. "चूक माझी आहे, तिची नाही," असं मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्याने शेंगदाणे चघळत मला न्याहाळलं. "अंकल, सेम साँग इतकं आवडतं तर कॅसेट घ्या, लाह." (‘लाह’ म्हणजे तिथलं ‘बरं का’.)

"तिला दहा मिनिटं द्या."

"माझी नाहीत ती. त्यांची." त्याने मंचाकडे बोट दाखवलं.

ढोलवाला वेणी घातलेला आडदांड मलाय गृहस्थ होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "दहा मिनिटं नुसतं बसायचं म्हणजे घसा कोरडा पडतो, अंकल."

मी बिअरचा जग मागवला. जगाला वन-फॉर-वन लागू आहे का, हे मी त्या परिस्थितीतही विचारलं. नव्हतं.

मारिसाने घडी उलगडली. गाण्यातलं मला अक्षर कळलं नाही. पण शेजारच्या टेबलावरचे दोन म्हातारे बोलायचे थांबले, आणि एकाचे ओठ तिच्याबरोबर हलू लागले. सुमनने माझा हात टेबलावर दाबून धरला होता. न जाणो, मी पुन्हा उठलो तर.

गाणं संपल्यावर मालक तिच्याशी दोन वाक्यं बोलला, आणि ती वेट्रेसच्या गळ्यात पडली. जाता जाता तो आमच्या टेबलाशी थांबला. "एव्हरी फ्रायडे शी सिंग. अंकल, यू कम सॅटर्डे, लाह."

साडेआठनंतर दर दुप्पट होणार म्हणून आम्ही लगेच उठलो. परतीच्या गाडीत सतीश हसत सुटला होता. मी मात्र विचार करत होतो की, आपण दाद देतो तेव्हा गाणाऱ्याला काय हवंय ते किती वेळा विचारतो? पुण्यात आल्यावर आता मी नुसत्या टाळ्या वाजवतो, त्याही बेताने.

त्या संध्याकाळी अखेर दिलं ते असं: पबला आमचे अठरा डॉलर, आणि ज्यांचा एक सूरही आम्ही ऐकला नाही त्या पाच वादकांना, गप्प बसल्याबद्दल, चोवीस.