तांबडी साल

पाळी गावच्या भातगिरणीवरचा तो माणूस भात यंत्रात ओतण्याआधी प्रत्येकाला विचारायचा, "कोंडो रवांदे मा?" आणि उत्तराची वाट न बघता साल राखूनच भरडायचा. माझी साखर वाढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, साखर आटोक्यात ठेवणारी पॉलिफेनॉल त्या तांबड्या सालीतच असतात. हे सांगितल्यावर तो हसला. "आमची आवय शाळेत गेली नाय, पण ह्यां तिका ठावक होतां."

खिडकीत त्याचा पाण्याने भरलेला काचेचा पेला असे. आमची भातं अंगणात सुकत, आणि समोरून लोहखनिजाचे ट्रक तांबडा धुरळा उडवत जात. तो भरडलेले चिमूटभर दाणे पेल्यात टाकून बघत राही. सालीचा रंग पाण्यात उतरतो, खनिजाची माती तळाला बसते.

त्या दिवशी माझं भात होतं. तो पेल्याच्या तळाला बसलेल्या तांबड्या गाळाकडे बघत राहिला. मग त्याने पाणी बाहेर ओतलं आणि न विचारता तांदूळ पुन्हा यंत्रात घातला. दाणे पांढरेशुभ्र होईपर्यंत त्याने मान वर केली नाही. त्याच अंगणातला तांदूळ आम्ही वर्षभर खाल्ला होता.

"कोंडो बांधून देतंस?" मी विचारलं.

"गुरांकय घालू नकात, मास्तर," तो हळू म्हणाला.