आबांनी पुसलेली सही

मला एक नाद आहे. एका जगप्रसिद्ध अतिवास्तववादी चित्रकाराचे लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेली चित्रं, मी जमवतो. जळगावात हे सांगितलं की लोक विचारतात, "बरं, पण कामधंदा काय करता?" मोजक्याच प्रती छापायच्या आणि प्रत्येकीच्या खाली चित्रकारानं स्वतः पेन्सिलीनं नंबर टाकून सही करायची, अशी यातली पद्धत. सगळी किंमत त्या पेन्सिलीला.

तिसरं चित्र हाती आलं तेव्हा मी इतका हरखलो, की फ्रेम करायच्या आधीच ते घेऊन अमळनेरची एसटी धरली. आबांना, म्हणजे वडिलांना दाखवायचं होतं. ते चित्रकलेचे मास्तर, उभी हयात शाळेत गेलेली. चित्रात घोड्याच्या पोटात कपाट आणि कपाटात समुद्र. आबांनी चष्मा पुसून पुसून पाहिलं. "येडा शे, पन हात भारी शे," म्हणाले. मी खूश होऊन आंघोळीला गेलो.

परत येतो तर चित्राखालचा समास कोरा! आबा खोडरबराचा चुरा फुंकत होते. "खाले कोनी गिचमिड करेल व्हती. पुशी टाकी." समासात पेन्सिलीची रेघ राहिली की पोरांचे मार्क कापायचे ते, तीच सवय. मी भडकलो. "आबा, सत्यानाश केलात! त्याची सही होती ती!" नाही नाही ते बोललो, चित्र तिथंच टाकलं आणि तडक निघून आलो. गाढव मी.

नंतर आबांनी तो विषय एकदाच काढला. फोनवर म्हणाले, "दुसरा चित्रवरनी सहीना फोटो धाड रे." मी धाडला.

यंदा आबा गेले. त्यांचं कपाट आवरताना ते चित्र सापडलं, पातळ कागदात नीट गुंडाळलेलं. समास कोराच होता. सोबत एक चित्रकलेची वही होती. पानापानांवर पेन्सिलीनं तीच एक सही, शेकडो वेळा गिरवलेली. आधीच्या सगळ्या थरथरत्या. शेवटच्या पानावरची मात्र हुबेहूब. मलासुद्धा फरक कळेना. तिच्याशेजारी, पोरांच्या वहीत द्यायचे तसा, लाल शाईनं शेरा होता: "छान जमली. पण दुसऱ्याची सही करू नये."

मी तिथंच फरशीवर बसून हमसून हमसून रडलो. फोटो मागितला तेव्हा "कशाला हो, आबा?" एवढं विचारायला काय झालं होतं मला!