पप्पांना पाठवलेलं इंग्रजी

बी.एड.च्या सराव पाठांसाठी मला कुंडलजवळची एक शाळा मिळाली होती. इंग्रजी शिकवायला मी फोनमध्ये चार-पाच ॲप्स भरून नेली. पोरं हौसेनं बटणं दाबायची, पण तोंडातून इंग्रजीचा एक शब्द काढतील तर शपथ! माझं डोकं फिरायचं.

शेवटी वैतागून ती सगळी ॲप्स काढून टाकली आणि मुलांना नुसता आपला आवाज रेकॉर्ड करायला सांगितलं. सातवीतली एक अबोल मुलगी माझा फोन घेऊन पाण्याच्या टाकीमागं गेली. इंग्रजीत स्वतःबद्दल बोलून आली आणि म्हणाली, "म्याडम, ह्ये माझ्या पप्पास्नी पाठवू का? ते मिल्ट्रीत हायत."

दुसऱ्या दिवशी पाठ चालू असतानाच पप्पांचं उत्तर आलं. मी ते वर्गाला ऐकवलं. अडखळत, थांबत थांबत, पण इंग्रजीतच ते विचारत होते, ऊसतोड सुरू झाली का, आज डब्यात काय आणलंय?

आख्खा वर्ग फोनभोवती गोळा झाला आणि एकमेकांना ढकलत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत ओरडून उत्तरं द्यायला लागला.

मागच्या बाकावर पाठ तपासायला बसलेल्या सरांनी शेरा लिहिला, "वर्गावर नियंत्रण नाही." मी त्याखाली सही केली आणि पुन्हा रेकॉर्डचं बटण दाबलं.